चाक उचलणाऱ्या मुलाच्या आईस

मैत्रिणींनो, या पानावर तुमचे प्रश्न येतात ते बहुधा स्वयंपाकघरातून. गव्हाला कीड लागली, पापड लाल पडले, लोणच्यावर बुरशी आली. या आठवड्यात मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावहून एका भगिनीने विचारले आहे की, मुलगा मोटारसायकलचे पुढचे चाक उचलून गाडी एकाच चाकावर चालवायला शिकतो आहे, त्याचे काय करावे? मुलाला सोळा पूर्ण झालेली. गाडी वडिलांची. दोन-तीन मित्र, त्यातल्या एकाच्या हातात मोबाइल, आणि संध्याकाळी गावाबाहेरचा रस्ता. "रागावले तर म्हणते, माय, काही होत नाही, तू उगाच भेते. त्याचे बाबा ऐकतात आन् हसतात," असे त्या लिहितात.

पत्र एका घरचे असले तरी प्रश्न तेवढ्याच घरचा नाही. जिथे मोटारसायकल आणि मिसरूड फुटलेला मुलगा एका छपराखाली नांदतात, तिथे आज ना उद्या हे येतेच. मुले याला व्हीली म्हणतात. आपण चाक उचलणे म्हणू.

"पडशील रे" एवढे सांगून मुलगा ऐकत नाही, कारण काल तो पडलेला नसतो आणि परवाही नाही. त्याच्या दृष्टीने हिशेब आईच्या विरुद्ध जातो. त्याला कारण सांगावे लागते, आणि सांगायचे तर आधी आपल्याला कळायला हवे. त्यात अवघड असे काही नाही. बैलगाडीत मागे पोती जास्त झाली की गाडी उलाळ होते, धुरा वर जातो, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगायला नको. चाक उचलणे म्हणजे मोटारसायकल मुद्दाम उलाळ करणे. गाडी एकदम झेपावली की तिचा भार मागच्या चाकावर जातो आणि पुढचे चाक हलके होऊन उठते. "आमची गाडी साधी शंभर सीसीची, तिने काय होणार," असे समजू नका. मागे मित्राला बसवले की भार आपोआप मागे जातो आणि तीच साधी गाडी उलाळ होते.

आता पुढचे चाक काय काम करते ते पाहा. गाडी वळते ती त्याच्यावर. आणि थांबतेही मुख्यतः त्याच्याच ब्रेकने, कारण ब्रेक लावला की सगळा भार पुढे येतो. ते चाक हवेत गेले म्हणजे हँडल आणि पुढचा ब्रेक, दोन्ही असून नसल्यासारखे. रात्रीची वेळ असेल तर पुढचा दिवासुद्धा आभाळाकडे तोंड करतो, आणि समोर काय आहे ते गाडीच्या टाकीआड जाते.

हे मुलाला तोंडाने सांगू नका, करून दाखवा. अंगणात घरातली सायकल घ्या, पुढचे चाक हाताने वीतभर उचलून धरा आणि त्याला म्हणा, आता हँडल फिरव, ही वळते का बघ. पुढचा ब्रेक दाब, थांबते का बघ. नंतर हँडल वाकडे ठेवूनच चाक जमिनीवर टेकवायला सांगा. सायकल कशी हिसका देते ते त्याच्या हाताला कळेल. चालत्या मोटारसायकलचे वाकडे चाक टेकले की तोच हिसका माणसाला बाजूला फेकतो. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे, आणि भाषणापेक्षा बरा.

चाक वर असताना चालवणाऱ्याच्या हाती उरते दोनच. उजव्या मुठीतला ॲक्सिलरेटर आणि उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक. मूठ किंचित जास्त पिळली गेली आणि पाय ब्रेकवर वेळेत पडला नाही, तर गाडी मागे उलटते. माणूस पाठीवर, माकडहाडावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटतो आणि वरून गाडी येते. जे लोक हा खेळ रीतसर करतात, ते आधी मागचा ब्रेक पक्का करतात, आणि पुष्कळांच्या गाडीला मागे एक मजबूत लोखंडी दांडी बसवलेली असते, गाडी पार उलटू नये म्हणून. वर्षानुवर्षे सराव केलेली माणसे दांडी लावतात! आपल्या घरच्या गाडीला मागे असते ती नंबर प्लेट आणि लाल दिवा.

मागे बसणाऱ्याला तर काहीच हाती नसते. गाडी कधी उठणार हे त्याला ठाऊक नसते, आणि घसरून पहिला तोच पडतो. मुलीबाळींना हे मुद्दाम सांगून ठेवा. भाऊ असो, मैत्रिणीचा भाऊ असो, "थोडी गंमत दाखवतो" म्हणाला की खाली उतरायचे. लाजायचे नाही.

मुलगा कबूल करणार नाही. पण गाडी खोटे बोलत नाही. भांडी घासून झाली की एकदा अंगणातल्या गाडीभोवती फिरा. नंबर प्लेटची खालची कड घासलेली किंवा वाकलेली दिसते का? मागच्या दिव्याची काच तडकली आहे का? पुढच्या दोन नळ्यांवर, चाकाच्या वर, तेलाचा ओघळ आहे का? चाक आपटून आपटून तिथले सील जाते आणि तेल गळते. गाडी परत आली की जळका, उग्र वास येतो का? तो क्लच प्लेटांचा. चेन वारंवार सैल होते, क्लचची केबल दोन महिन्यांत दुसऱ्यांदा तुटते, हँडल वळवताना कटकट वाजते म्हणजे त्यातला कोनसेट गेला. यातले एखादे जुन्या गाडीत एरवीही होते, म्हणून लगेच पोराला उभे करू नका. तीन-चार एकदम दिसली तर मात्र गॅरेजवाल्याला विचारा. तो एका नजरेत सांगेल. आणि मुलाच्या तळहाताची साल, कोपर, पँटचा गुडघा, हे तर तुम्हीच धुता-पुसता.

यात खर्च किती होतो, तोही काढून मुलाच्या वडिलांपुढे ठेवा. हसणे बरेचदा तिथेच थांबते.

मारेगावचा रस्ता कसा आहे, तेही लक्षात घेतले पाहिजे. गाव वणी आणि करंजीच्या मधल्या रस्त्यावर. एका टोकाला वणीच्या कोळशाच्या खाणी, दुसऱ्या टोकाला नागपूर-हैदराबाद महामार्ग. म्हणजे या भागात भरलेले ट्रक येणार-जाणारच. भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नाही, त्याला लांब अंतर लागते. कापूस निघाला की त्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या. कित्येकींना मागे लाल दिवा नसतो. गुरे परतण्याची वेळ आणि मुलांची चाक उचलण्याची वेळ एकच, संध्याकाळची. अशा रस्त्यावर जो वळू शकत नाही आणि नीट थांबूही शकत नाही, त्याने कौशल्य किती कमावले आहे याला काय अर्थ?

कौशल्य असूनही काय होते, त्याचा दाखला फार लांबचा नाही. तमिळनाडूत टीटीएफ वासन नावाचा मोटारसायकलवाला यूट्यूबर आहे, लाखो पोरे त्याचे व्हिडिओ बघतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी कांचीपुरमजवळ चेन्नई-बंगळूर महामार्गावर त्याने चाक उचलले. गाडी हाताबाहेर गेली, तो फेकला गेला, हात मोडला. डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर जाड संरक्षक पोशाख होता. तो नसता तर हातावर निभावले नसते. पुढे अटक झाली. ऑक्टोबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, तो मिळाला नोव्हेंबरमध्ये, आणि गाडी चालवण्याचा परवाना दहा वर्षांसाठी गेला. मुलाच्या मोबाइलमध्ये त्याची गाडी असेल, पण ही पुढची गोष्ट बहुधा नसेल. ती त्याला सांगा. नावानिशी सांगा, म्हणजे आई ऐकीव बोलत नाही हे त्याला कळेल.

मुंबईत २०२३ च्या मार्चअखेरीस वांद्रे-कुर्ला संकुलात एकाने पुढे एक आणि मागे एक अशा दोन मुलींना बसवून चाक उचलल्याचा व्हिडिओ फिरला. तिघांपैकी कुणाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. पोलिसांनी त्या व्हिडिओवरूनच गुन्हा नोंदवला. वाहवा मिळवायला काढलेले चित्र पुरावा म्हणून उभे राहते ते असे. म्हणून मित्रांच्या गटात कुणी असा व्हिडिओ टाकला तर कौतुकाने लाल बदाम पाठवणाऱ्या मावश्या-आत्यांनाही जरा आवरा!

आता वडिलांच्या हसण्याविषयी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. "मला ठाऊकच नव्हते" असे मालकाला म्हणता येते, पण ते त्याने सिद्ध करायचे असते, आणि ऐकून हसलेल्या बापाला ते कसे जमणार? सोळाव्या वर्षी चालवता येते ती पन्नास सीसीपर्यंतची, बिनगिअरची गाडी, आणि तीही परवाना काढून. अंगणातली मोटारसायकल त्यात बसत नाही. शिवाय परवाना नसलेल्याच्या हातून दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. एका अपघातात शेत विकायची पाळी येऊ शकते. हे सारे मुलासमोर नको, नवरा-बायकोने जेवणानंतर बसून बोलावे.

मग चावी. पुष्कळजणी ती लपवतात. डाळीच्या डब्यात, देवाच्या मागे. पोरांना घरातले सगळे डबे पाठ असतात, आणि दुसरी चावी कुठे आहे तेही. लपवल्याने लपाछपी सुरू होते. त्यापेक्षा उघड नियम बरा. अठरा पूर्ण होऊन परवाना हाती येईपर्यंत गाडीला हात नाही. दोन्ही चाव्या वडिलांच्या खिशात. दळण आणायला, शेतात डबा पोचवायलासुद्धा नाही. इथे आपणच घसरतो बरं का! "एवढं जाऊन ये" म्हणून आपल्या सोयीला गाडी देतो आणि त्याच्या हौशीला नाही म्हणतो. मुलाला हा न्याय पटत नाही, आणि का पटावा?

मित्रांच्या देखत बोलू नका. रात्री, गाडीपासून दूर, आवाज न चढवता बोला. त्याच्यातल्या ईर्ष्येला नावे ठेवू नका, ती वाईट नाही. सीमा सुरक्षा दलातल्या मुलींचे 'सीमा भवानी' पथक २६ जानेवारी २०१८ रोजी राजपथावर बुलेट गाड्यांवर कसरती करत गेले, तेव्हा सारा देश बघत होता. लडाखच्या स्टॅन्झिन नोरयांग त्यांचे नेतृत्व करत होत्या. त्या मुलींनी आधी मैदानावर शिक्षकांच्या नजरेखाली सराव केला, आणि कसरत केली तो रस्ता इतर वाहनांना बंद होता. एवढे सांगितले की फरक त्याचा त्याला कळतो. अठराव्यानंतरही त्याला हे शिकायचेच असेल तर बंद मैदान, जाणता शिकवणारा, तोंड झाकणारे हेल्मेट, हातमोजे, गुडघे-कोपरांची कवचे, आणि घरच्यांना ठाऊक असणे, यातले एकही वगळून नाही. सार्वजनिक रस्त्यावर कोणत्याही वयात नाही. तिथे परवाना असला तरी तो धोकादायक चालवण्याचा गुन्हाच आहे.

हेल्मेटचे मात्र आजच बघा, चाक उचलणारा असो वा नसो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, असे केंद्र सरकारच्या अहवालात आहे. आयएसआय खूण पाहून घ्या. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर हेल्मेट माणसाआधी उडून जाते.

आणि इतके करूनही कुणी पडलाच, आपला किंवा शेजारणीचा, तर काय करायचे तेही सांगते. आधी १०८ ला फोन. मान आणि पाठ हलवू नये, उचलून बसवू नये. हेल्मेट ओढून काढू नये. श्वास अडत असेल तरच, एकाने मान दोन्ही हातांनी स्थिर धरून दुसऱ्याने अलगद काढावे. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी दाबून धरावी. हळद, चहापत्ती, चुना काही भरू नये. पाणी पाजू नये. डोक्याला मार लागून मुलगा हसत उठला तरी डॉक्टरांना दाखवावे आणि निदान एक दिवस-रात्र नजरेखाली ठेवावा. उलट्या, न उठणारी गुंगी, बरळणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, कानानाकातून पाणी किंवा रक्त येणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट बघू नये. मदत करणाऱ्याला पोलीस डांबून ठेवतील ही भीती सोडा. कायदा आता त्याला संरक्षण देतो, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. रस्ते अपघातातल्या जखमीवर ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे, दवाखान्यात पोचताच तिची चौकशी करा.

फोनवर ठिकाण सांगताना "पुलाजवळ" किंवा "मोठ्या झाडाजवळ" म्हणू नका, रुग्णवाहिकेचा चालक परगावचा असू शकतो. मारेगावहून वणीच्या बाजूला की करंजीच्या, शेवटचे गाव कोणते गेले आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावर काय आकडा आहे, तेवढे सांगा, आणि एकाला बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे करा.