काचेमागचे हात

रोबोटिक्स स्पर्धांच्या नियमपुस्तिकेतला एक नियम मुलांना जाचक वाटतो, आणि मुलांपेक्षा त्यांच्या मार्गदर्शकांना अधिक. सामना स्वयंचलित काळाने सुरू होतो. मुलं त्याला नुसतं ‘ऑटो’ म्हणतात. या काळात रोबोला कोणीही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सूचना द्यायची नाही, असा तो नियम. अमेरिकेतल्या ‘फर्स्ट’ संस्थेच्या स्पर्धेत ऑटो 2003 साली आला आणि बहुतेक वर्षी तो 15 सेकंदांचा राहिला. तेवढा वेळ ड्रायव्हर मुलं पारदर्शक भिंतीमागे, आखलेल्या रेषेच्याही मागे उभी राहतात, आणि रोबो आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रामवर चालतो. जॉयस्टिक हातात घ्यायला पुढे दोन मिनिटांहून अधिक वेळ असतोच.

‘प्रत्यक्ष’ या शब्दावर कोणाचा आक्षेप नाही. भांडण ‘अप्रत्यक्ष’वर आहे, आणि ते समजायला 2014 चा खेळ आठवावा लागतो. त्या वर्षी ऑटो 10 सेकंदांचा होता. दोन बाजूंच्या गोलांपैकी एक पहिले पाच सेकंद ‘हॉट’ असे आणि दुसरा पुढचे पाच सेकंद. आधी कोणता, हे सामना सुरू झाल्यावरच कळे. हॉट गोलात चेंडू टाकला की पाच गुण जास्त. रोबोने ते स्वतः ओळखावं ही अपेक्षा होती. कॅलिफोर्नियातल्या 254 क्रमांकाच्या नामांकित संघाने वेगळी वाट काढली. भिंतीमागचा मुलगा गोलाकडे बघायचा आणि आपल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर हात धरायचा किंवा काढून घ्यायचा. लॅपटॉप तो हात ओळखून रोबोला कळवायचा. जॉयस्टिकला कोणी बोटही लावलं नाही. हे तेव्हाच्या नियमांत बसत होतं, आणि संघाने तो प्रोग्राम सगळ्यांना फुकट वाटला. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी निःसंकोच मान्य करतो. पुढे नियमपुस्तिकेने ही वाट बंद केली, आणि ते योग्यच झालं.

विरोधक म्हणतात, हात ओळखणारा प्रोग्राम लिहिणं हेही प्रोग्रामिंगच आहे, मग कौशल्यावर बंदी का? कौशल्य आहेच, पण ऑटोत ते मोजलं जात नाही. गोल कोणी पाहिला? मुलाच्या डोळ्यांनी. डावा की उजवा, हे कोणी ठरवलं? मुलाने. रोबोपर्यंत पोचला तो तयार निर्णय. म्हणजे तो कॅमेरा एका बटणाची जॉयस्टिकच झाला, फक्त बटण हवेत होतं.

यावर पूर्वीचा दाखला दिला जातो. 2008 साली आयोजकांनीच रिमोटने मोजक्या सूचना द्यायला परवानगी दिली होती, 2012 साली कायनेक्ट या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर हातवारे करून रोबो चालवू दिला होता. खरं आहे. पण त्या दोन्ही वर्षी त्यांनी त्या काळाचं नाव बदलून ‘हायब्रिड’ ठेवलं होतं. हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. माणूस मध्ये आला की त्याला स्वयंचलित म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं. 2008 सालीच पुण्यात दहीहंडीच्या कल्पनेवर एबीयू रोबोकॉन ही वेगळी रोबो स्पर्धा झाली. तिथेही माणसाने चालवायची यंत्रं वेगळी आणि स्वयंचलित यंत्रं वेगळी होती.

सर्वांत वजनदार आक्षेप गरीब संघांचा आहे, आणि तो मला टाळायचा नाही. महागडा कॅमेरा, प्रतिमा ओळखण्याचं ज्ञान असलेला मार्गदर्शक हे सगळं मोठ्या शाळांकडे असतं. ज्यांच्याकडे नाही त्यांना हाताची खूण हाच आधार होता, असं म्हणतात. मी मुलांना रोबो शिकवतो, चणचण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण उपाय चुकीचा आहे. फर्स्टच्याच टेक चॅलेंजमध्ये 2020-21 च्या खेळात मैदानावर कड्यांची चळत असे: शून्य, एक किंवा चार. ती पाहून रोबोने पुढची दिशा ठरवायची. त्याला कॅमेरा लागतच नव्हता. अंतर मोजणारे दोन साधे सेन्सर, एक खाली आणि एक थोडा वर बसवले तरी भागत होतं. दोन्हींना काही दिसलं नाही तर शून्य, खालच्यालाच दिसलं तर एक, दोन्हींना दिसलं तर चार. ही युक्ती सुचायला पैसा लागत नाही, मैदानाकडे टक लावून बघावं लागतं. खेळ असे आखा की साध्या सेन्सरवरही मार्ग निघेल, अशी मागणी आयोजकांकडे करावी. त्याऐवजी सवलत म्हणून मुलाचा हात पुढे केला, तर गरीब संघाचं मूल नेमकं हेच शिकायचं राहून जातं.

पंचांना लबाडी दिसणार कशी, असंही विचारतात. लॅपटॉपचा कॅमेरा झाका, कंट्रोलर खाली ठेवा. बरंचसं तिथेच मिटतं. सुरक्षेचा प्रश्न नियमाने आधीच सोडवला आहे. आणीबाणीचं लाल बटण कधीही दाबता येतं. थांबवण्याचा हक्क आहे, वळवण्याचा नाही.

मग उरतं काय? माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट: चूक कुठे झाली ते कळणं. खिडकीतून ऊन आलं, इन्फ्रारेड सेन्सर गोंधळला आणि रोबो पट्टी सोडून भिंतीकडे गेला, असं सरावात कितीदा होतं. मधे कोणी हात घातला नसेल तर मुलं प्रोग्राम उघडतात, आकडे बघतात आणि उन्हापर्यंत पोचतात. हाताची खूण मधे असेल तर तू उशिरा हात काढलास, नाही तूच चुकीचा गोल पाहिलास, यावर तास जातो.

मैदानाबाहेर तर कधीकधी हात घालणं शक्यच नसतं. 18 फेब्रुवारी 2021 ला नासाचं पर्सिव्हरन्स यान मंगळावर उतरलं, तेव्हा तिथून पृथ्वीपर्यंत संदेश यायला अकरा मिनिटांहून अधिक लागत होते आणि उतरण्याचा सगळा खेळ सुमारे सात मिनिटांचा होता. खूण करायला कोणालाच वाव नव्हता. उतरण्याची जागा यानाने खालच्या जमिनीची छायाचित्रं नकाशाशी ताडून स्वतः निवडली.

मार्गदर्शकांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या सरावापासून ऑटो सुरू होताच मुलांना कंट्रोलर जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरायला सांगा, आणि तुम्हीही त्यांच्या शेजारी तसेच उभे राहा.