रंग आणि उतारवयातील दृष्टी

रंगाची निवड ही रुचीची बाब आहे, असे आपण सहज म्हणून जातो. ज्याला जो रंग आवडेल तो त्याने वापरावा. त्यात वादाचे कारण काय? परंतु जो रंग आपण दुसऱ्याच्या वाचनासाठी निवडतो, तेथे रुचीपेक्षा जबाबदारीचा भाग मोठा असतो. हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते आमच्या इंदुरातील एका मराठी मंडळाचे. मंडळाचे संकेतस्थळ नव्याने सिद्ध होत आहे. मंडळाचे बहुसंख्य सभासद पंचावन्न ते ऐंशी या वयाचे, निवृत्त पुरुष. अशा प्रौढ पुरुषवर्गास कोणते रंग शोभतील, असा प्रश्न तरुण कार्यकर्त्यांनी आमच्यापुढे ठेवला. त्यांचा स्वतःचा कौल निळ्या आणि करड्या रंगांकडे होता. निळा पुरुषांचा आणि करडा पोक्तपणाचा, हे त्यांचे गणित.

हे गणित आम्हास पटत नाही. ज्यांच्या आजोबांनी लाल पगडी मिरविली आणि जे स्वतः नातवाच्या लग्नात गुलाबी फेटा बांधून ऐटीत बसतात, त्या पुरुषांना उजळ रंगांचे वावडे आहे असे कोणी ठरविले? रुचीला वयाची किंवा लिंगाची अशी सरळ रेषा नसते. दृष्टीला मात्र ती असते, आणि खरा विचार तेथूनच करावयास हवा.

वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. विशीतील डोळ्याच्या आतील पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या अंदाजे एक तृतीयांशच साठीत पोचतो. पिवळे पडलेले भिंग विशेषेकरून निळा प्रकाश अडविते. त्यामुळे गर्द निळा काळ्यासारखा, फिकट निळा पांढऱ्यासारखा दिसू लागतो आणि निळ्या-हिरव्यातील भेद पुसट होतो. क्लोद मोने हा थोर फ्रेंच चित्रकार मोतीबिंदूने ग्रासला, तेव्हाच्या त्याच्या बागेच्या चित्रांत तांबूस-तपकिरी छटा दाटलेल्या आढळतात. १९२३ साली त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. रंग हेच ज्याचे जीवित, त्याची जेथे ही अवस्था, तेथे इतरांची काय कथा!

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद न कळणे हा दोष बहुधा ‘एक्स’ गुणसूत्रावरून येतो. स्त्रीजवळ हे गुणसूत्र दोन असल्याने एक बिघडले तरी दुसरे सावरून घेते. पुरुषाजवळ ते एकच. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत अर्धा टक्का आहे. आपल्याकडे ते काहीसे कमी आढळते, तरी दुर्मिळ खचित नाही. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने १७९४ साली स्वतःच्याच या दोषावर निबंध वाचला. तोवर त्याच्या वयाची पंचविशी उलटली होती. कित्येकांना तर हा दोष जन्मभर कळत नाही. तेव्हा अर्जातील चुकलेला रकाना नुसत्या तांबड्या चौकटीने आणि बरोबर रकाना हिरव्या चौकटीने दाखविणे, म्हणजे काही वाचकांना काहीच न सांगणे होय. रंगाच्या जोडीला ‘येथे तारीख भरावी’ असे शब्द हवेतच.

शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाला यातील मर्म समजावून द्यावे लागत नाही. काळ्या फळ्यावर पांढऱ्या किंवा पिवळ्या खडूने लिहिलेले शेवटच्या बाकावरून वाचता येते. निळ्या खडूने लिहिलेले तिसऱ्या बाकावरच हरवते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील अंतर हे वाचनाचे खरे मूळ आहे. हे अंतर आता मोजताही येते. ‘डब्ल्यू थ्री सी’ या जागतिक संस्थेने २००८ साली साध्या आकाराच्या अक्षरांसाठी ४.५ : १ ही किमान मर्यादा सुचविली असून अधिक कडक मर्यादा ७ : १ आहे. पांढऱ्यावर काळे हे प्रमाण २१ : १ भरते. उलट पांढऱ्यावर नेहमीचा केशरी जेमतेम २ : १.

केशरी अक्षरांचा आग्रह आपल्या मंडळांत हटकून असतो, आणि त्यामागील भावना आम्हास परकी नाही. परंतु केशरी सोडण्याचे कारणच नाही; त्याची जागा तेवढी बदलावी. त्याच केशरी पट्ट्यावर काळी अक्षरे घातली, की प्रमाण जवळजवळ १० : १ होते. रंगही राहिला आणि वाचकही राहिला.

देवनागरीला ही काळजी अधिकच हवी. फिकट करड्या रंगात आधी लोपतात ते अनुस्वार, रफार आणि मात्रा. ‘चिंता’ आणि ‘चिता’ यांत अंतर एका टिंबाचे. ते टिंब न दिसले तर काय घडेल, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. म्हणून आमची शिफारस साधी आहे : दुधी किंवा पांढरी पार्श्वभूमी, जवळजवळ काळी आणि ठसठशीत अक्षरे, दुव्यांसाठी गडद किरमिजी आणि त्याखाली रेघ, मथळ्यास केशरी पट्टा. सारे पान एकदा रंग काढून, केवळ काळ्या-पांढऱ्यात पाहावे. तसे वाचता आले तर रंगांची निवड निभावली. मग चार वृद्ध सभासदांना भर दुपारी उजेडात बसवून तेच पान वाचावयास द्यावे, आणि शेजारी उभे राहून सूचना करू नयेत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आज निवृत्तिवेतनासाठी द्यावयाचा हयातीचा दाखलासुद्धा दूरध्वनीच्या पडद्यावरून देता येतो. त्या पडद्यावरील अक्षर ज्याला दिसत नाही, तो वृद्ध ‘मला दिसत नाही’ असे म्हणत नाही. ‘मला यातले कळत नाही’ असे म्हणतो आणि यंत्र नातवाच्या हाती देतो. चाळीस वर्षे कचेरीचे हिशेब चोख सांभाळलेला माणूस डोळ्याचा दोष बुद्धीच्या माथी मारून घेतो, आणि घरातील माणसेही ते खरे मानू लागतात. रंग फिके भासू लागले तर नेत्रवैद्याकडे जावे, मोतीबिंदूवर उत्तम उपाय आहे, हे ज्येष्ठांनी ध्यानी ठेवावेच. परंतु निरोगी डोळ्यालाही न दिसेल असे लिहून ठेवण्याचा अधिकार तरुणांना नाही. वडीलधाऱ्यांना मान देणे म्हणजे केवळ सभेत पहिल्या रांगेत बसविणे नव्हे. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल असे लिहिणे, हाही त्यांचा मानच आहे.