फ्रॅटन पार्कचे वहिवाटदार

इंग्लंडात एखादा फुटबॉल क्लब कर्जाच्या भाराखाली कोसळून प्रशासकाच्या ताब्यात जातो, तेव्हा वृत्तपत्रांतून, सावकारांच्या कचेऱ्यांतून आणि मैदानाबाहेरच्या गर्दीतून एकच पृच्छा ऐकू येते, ती म्हणजे नवा मालक कोण. आणि ती इतकी निकडीची असते की, ज्या संस्थेसाठी मालक शोधला जात आहे तिच्यावर मालकी सांगण्याचा अधिकार मुळात कोणाला आणि कोणत्या अटींवर असावा, हा त्याहून थोरला प्रश्न विचारण्यास कोणालाच उसंत मिळत नाही. पोर्ट्समथ या दक्षिण किनाऱ्यावरील आरमारी गोदीच्या शहरावर हा प्रसंग दोन वर्षांच्या अंतराने दोनदा ओढवला, आणि दुसऱ्या वेळी तेथील सामान्य माणसांनी त्याला जे उत्तर दिले ते आपणही लक्षपूर्वक पाहावे असे आहे.

1898 साली स्थापन झालेला, 1949 आणि 1950 अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवणारा हा क्लब 2008 साली एफए कपचाही विजेता ठरला होता. परंतु ज्या खेळाडूंच्या बळावर हा चषक मिळाला त्यांची वेतने क्लबच्या स्वतःच्या मिळकतीतून भागण्यासारखी नव्हती, मालकाने दिलेल्या कर्जाऊ रकमा आणि बँकांची उधारी यांवर सारा डोलारा उभा होता, आणि मालकाचा हात आखडताच तो डळमळू लागला. 2009-10 या एकाच हंगामात क्लबने चार मालक पाहिले. 26 फेब्रुवारी 2010 रोजी प्रशासकाची नेमणूक झाली, तेव्हा प्रीमियर लीगमधील क्लबवर अशी पाळी येण्याची ती पहिलीच वेळ होती. शिक्षा म्हणून 9 गुण कापले गेले, ऐंशीहून अधिक नोकरांना घरी बसावे लागले, संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. आणि तरीही त्याच वर्षीच्या मे महिन्यात हा संघ पुन्हा एफए कपचा अंतिम सामना खेळला व चेल्सीकडून एका गोलने हरला. दिवाळे निघालेल्या संस्थेच्या नावाने हजारो माणसे त्या दिवशी लंडनला गेली होती. त्यांच्या निष्ठेची नोंद कोणत्याही ताळेबंदात नव्हती, आणि विकण्याजोगे जे काही क्लबपाशी उरले होते त्याला किंमत होती ती त्या निष्ठेमुळेच.

प्रशासकाचे कर्तव्य कायद्याने स्पष्ट केलेले आहे. त्याने संस्था शक्य तर जिवंत ठेवावी, तिचा सौदा करावा आणि धनकोंच्या पदरात शक्य तितकी रक्कम टाकावी. शहराच्या स्मृतींचे काय करायचे हे त्याच्या अधिकारपत्रात लिहिलेले नसते, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यायचा तर तो फुटबॉलने स्वतःसाठी करून घेतलेल्या एका रिवाजाला दिला पाहिजे. इंग्लिश लीगचा दंडक असा की, खेळाडूंची वेतने आणि इतर क्लबांची देणी पूर्णपणे फेडल्याशिवाय नव्या मालकाला लीगमधील स्थान मिळत नाही. अर्थात उरलेल्या धनकोंच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. पोर्ट्समथच्या पहिल्या दिवाळखोरीत या उरलेल्यांना पौंडामागे 20 पेन्स देऊ करण्यात आले, तेही हप्त्याहप्त्याने. या धनकोंत सरकारी महसूल खाते होते, शहरातले लहान व्यापारी होते, आणि सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांच्या प्रथमोपचारासाठी उभे राहणारे सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे स्वयंसेवी दलही होते. लक्षावधी पौंडांचा करार असलेल्या खेळाडूचा पैसा सुरक्षित, आणि घेरी आलेल्या प्रेक्षकाला झोळीत घालून बाहेर नेणाऱ्या संस्थेने मात्र आपल्या पैशावर पाणी सोडावे, या व्यवस्थेला न्याय म्हणण्यास माझे मन तयार होत नाही. महसूल खात्याने 2012 साली या दंडकाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली आणि दावा गमावला. दंडक कायदेशीर ठरला. त्यामुळे तो नीतीच्या कसोटीलाही उतरला असे होत नाही.

पहिल्या संकटातून क्लब सुटला तो पुन्हा खासगी मालकांच्याच हाती गेला. 2011 साली ज्या कंपनीने तो घेतला ती त्याच वर्षाअखेर स्वतःच बुडाली, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये पुन्हा प्रशासक आला, पुन्हा गुण कापले गेले, पुन्हा घसरण सुरू झाली. चार वर्षांच्या आत क्लब पहिल्या श्रेणीतून चौथीत पोहोचला. आता मात्र समर्थकांनी आपला न्यास पुढे केला. हजार पौंडांचा एक भाग, अशा दराने गोदीतील निवृत्त कामगार, शिक्षक, दुकानदार यांनी पैसे जमवले. ज्यांना एकट्याने तेवढे शक्य नव्हते त्यांनी मित्रमंडळींची वर्गणी करून एक भाग घेतला. काही सधन समर्थकांनी मोठ्या रकमा घातल्या आणि नगर परिषदेने कर्ज दिले. खरी अडचण मैदानाची होती. 1899 पासून क्लबचे घर असलेले फ्रॅटन पार्क हे पूर्वीच्या मालकाच्या कंपनीकडे तारण होते, आणि ते सोडवल्याशिवाय क्लब घेणे म्हणजे केवळ नाव आणि निळा सदरा घेणे ठरले असते. 10 एप्रिल 2013 रोजी, उच्च न्यायालयातील सुनावणीच्या दिवशीच तडजोड झाली. 30 लाख पौंडांना मैदान समर्थकांकडे आले आणि त्याच महिन्यात क्लबही.

आपल्याकडे देवस्थानच्या जमिनी देवाच्या नावे असतात. वहिवाटदार कारभार पाहतो, उत्पन्नाचा हिशेब ठेवतो, परंतु ती मिळकत आपली म्हणून परस्पर विकून टाकण्याची मुखत्यारी त्याला नसते. फुटबॉल क्लबच्या मालकालाही, तो कितीही श्रीमंत असो, यापेक्षा अधिक अधिकार नसावा असे माझे मत आहे. त्याने नफा घ्यावा, मान घ्यावा, प्रशिक्षक नेमावा आणि काढावा. मैदान, नाव, रंग आणि बोधचिन्ह यांना मात्र त्याने हात लावू नये, आणि त्यांवर कर्ज काढू नये.

यावर एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. पोर्ट्समथच्या समर्थकांनी क्लब कर्जमुक्त केला, 2017 साली चौथ्या श्रेणीचे अजिंक्यपदही मिळवले, आणि त्याच वर्षी मोठ्या बहुमताने तो डिस्नेचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांच्या कंपनीला विकला. मग समर्थकांच्या मालकीचा प्रयोग फसला असे का म्हणू नये? जुन्या मैदानाच्या डागडुजीलाच मोठा खर्च होता आणि तो वर्गणीतून निघणारा नव्हता, हे खरे. पण विक्रीची ही रीत आणि 2009 ची रीत यांत किती अंतर आहे हे पाहावे. या वेळी विकणारा अगतिक नव्हता, दारात धनको उभे नव्हते, ग्राहकाला शहरात येऊन भागधारकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली आणि निर्णय मतदानाने झाला. प्रशासकाला जी चौकशी करण्यास वेळ नसतो, ती येथे शहराने स्वतः केली. 2024 साली क्लब तिसरी श्रेणी जिंकून दुसरीत परतला.

प्रत्येक शहराला इतका अवधी मिळत नाही. बरी या ग्रेटर मँचेस्टरमधील जुन्या क्लबचा 2018 च्या डिसेंबरात एका पौंडात सौदा झाला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये लीगने त्याला काढून टाकले. अशा अनुभवांनंतर ब्रिटिश संसदेने 2025 साली फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. मालकाच्या ऐपतीची व चारित्र्याची छाननी, मैदान विकण्यापूर्वी परवानगी, बोधचिन्ह व रंग यांबाबत समर्थकांचे मत या गोष्टी त्यात आल्या. हे योग्यच झाले.

हा प्रश्न परका समजण्याचे आपल्याला कारण नाही. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडातील जुना क्लब 2010 पासून पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाकडे आहे, आणि तेथील समर्थकांचा रोष या मालकांनी वर्षानुवर्षे अनुभवला आहे. उलट खुद्द मुंबईत 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड 2011 साली बंद झाला, तेव्हा प्रशासक आला नाही, लिलाव झाला नाही, ग्राहक शोधला गेला नाही. कंपनीने निर्णय घेतला आणि क्लब संपला. कूपरेजला जाऊन त्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांना तो विकत घेण्याची संधी द्यावी, असे सुचवण्याचीही सोय आपल्या नियमांत नव्हती. भारतीय फुटबॉल महासंघ क्लबांना परवाने देतो. त्या परवान्यातच अशी अट घालता येईल की, क्लब बंद करू इच्छिणाऱ्या मालकाने त्याचे नाव, रंग आणि लीगमधील नोंदणी एक पूर्ण हंगामभर समर्थकांच्या नोंदणीकृत न्यासासाठी नाममात्र किमतीत खुली ठेवावी, आणि त्या काळात नोकरांची व लहान धनकोंची देणी खेळाडूंच्या बरोबरीने फेडावीत.