खुर्द्याचा हिशेब

एम. ए.च्या प्रकल्पासाठी कल्याणच्या एका विद्यार्थ्याने विषय सुचवला होता: 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स' या व्हिडिओ गेममधील युद्धाचे कथन. विभागाच्या बैठकीत तो दोन मिनिटांत निकालात निघाला. "हे वाङ्मय नव्हे, खेळणे आहे, आणि तेही युद्धाचा पोरखेळ करणारे," असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. मुलाने मुकाट्याने ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण हा विषय घेतला. त्या बैठकीत मीही होतो आणि गप्प बसलो होतो. त्या गप्प बसण्याची परतफेड म्हणून हे टिपण.

ज्या संहितेला आपण नाकारले ती निदान पाहिली तरी पाहिजे. निन्टेन्डोच्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' या तळहातावर मावणाऱ्या यंत्रासाठी इंटेलिजन्ट सिस्टिम्स या जपानी कंपनीने केलेला हा खेळ सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत आला. चौकटींचा पट, आणि बुद्धिबळासारखी आळीपाळीने खेळी. बुद्धिबळात नाही असा येथे एक महत्त्वाचा घटक आहे, तो म्हणजे पैसा. ताब्यातले प्रत्येक शहर दररोज १००० देते. पायदळाचे पथक १००० ला, रणगाडा ७००० ला, बॉम्बफेकी विमान २२००० ला. म्हणजे जिंकलेले एक शहर रोज एक पायदळी पथक पुरवते. पूर्ण पथकाचे बळ दहा. लढाईत एकाचे सहा आणि दुसऱ्याचे चार उरले, तर दोन्ही एकत्र करून पुन्हा दहाचे धडधाकट पथक मिळते. मधले दहा कोठे गेले, हे विचारायची सोय नाही. सेनापतींना नावे आहेत, चेहरे आहेत, लकबी आहेत; शिपायाला यातले काहीही नाही. शहर जिंकले की इमारतीचा रंग बदलतो. आत कोणी राहत होते काय, हा प्रश्न पटावर उद्भवतच नाही.

हा निव्वळ पोरखेळ असेल, तर वास्तवापुढे तो वारंवार अवघडून का उभा राहतो? अमेरिकेत तो बाजारात आला आणि लगोलग ११ सप्टेंबर उजाडला. त्यानंतर युरोपात तो जानेवारी २००२ मध्ये पोहोचला. खुद्द जपानमध्ये २००४ साल उजाडावे लागले. त्याची नवी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये यायची होती. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि जगातील घडामोडींकडे बोट दाखवून कंपनीने प्रकाशन लांबणीवर टाकले. अखेर २१ एप्रिल २०२३ ला ती आली, तेव्हा युद्ध चालूच होते. ज्याला अर्थ नाही अशा खेळण्याची कोणाला लाज वाटत नाही. त्या रंगीत इमारतींत माणसे दिसू शकतात, हे विकणाऱ्याला कळले. आपल्या मराठी विभागाला कळले नाही.

विरुद्ध बाजूचा युक्तिवादही तितकाच फसवा आहे. खेळाचे चाहते म्हणतात, कथा हलकीफुलकी आहे, तिच्यात कसले राजकारण शोधता? आशय आणि घाट यांचे नाते आपण वर्गात शिकवतो ते कशासाठी? २००८ च्या 'डेज ऑफ रुइन'मध्ये याच मालिकेने सूर पालटला. उल्कापातानंतरची उद्ध्वस्त पृथ्वी आली, जगण्यासाठी धडपडणारी माणसे आली. परंतु पथके विकत घेण्याचा, झिजवण्याचा, जोडण्याचा हिशेब तसाच राहिला. कथा शोक करते आणि नियम व्यापार करतात. या खेळाचा अर्थ पात्रांच्या संवादांत शोधणारा वाचक म्हणूनच चुकतो. तो नियमांत आहे.

आणि हा हिशेब आपल्याला परका आहे काय? पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना ज्या सांकेतिक सावकारी निरोपातून कळल्याचे सांगतात, त्यातही माणसे नाण्यांत मोजलेली आहेत: दोन मोती, काही मोहरा आणि उरलेला खुर्दा. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, हे आपण विद्यार्थ्यांना रसाळपणे सांगतो. खुर्दा म्हणजे कोण, यावर माझ्या माहितीत कोणीही प्रश्न काढलेला नाही. मीही नाही. त्या निरोपात खुर्द्याची गणती करता येत नाही, आणि त्या हतबलतेतच शोक आहे. खेळात ती चोख करता येते, आणि म्हणून तेथे शोक नाही. दोन युद्धकथनांतला एवढा मूलभूत भेद आपल्या हाती लागू शकला असता.

ठाण्याच्या किल्ल्याचे तरी आपण काय करतो? पोर्तुगीजांकडून तो १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला, आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. आपल्या पुस्तकांतही तीन ओळींत तीनदा इमारतीचा रंग बदलतो. त्या मुलाच्या यंत्रावर नेमके हेच होते, म्हणून त्याला हसणाऱ्यांनी आपली पाने आधी उलटून पाहावीत.

या खेळाचा एक नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. रणगाडा शहर उद्ध्वस्त करत नाही आणि ताब्यातही घेऊ शकत नाही. विमानालाही ते जमत नाही. शहर घेण्यासाठी पायी चालणारा शिपाईच तेथे पोहोचावा लागतो. सबंध पट खुर्द्यावर चालतो आणि श्रेय मोत्यांना मिळते. हे तळहातावरच्या यंत्रात पाहण्याची दृष्टी ज्या विद्यार्थ्याला होती, त्याला आपण परत पाठवले. बखरीतला खुर्दा त्यानेच शोधला असता, अशी माझी खात्री आहे.