पैठणी : नाव गावाचे, बाजार कुणाचा?



साखर कारखान्याच्या पत्रिकेत पैठणीचे काय काम, असे कुणी विचारील. विचारावेच. ऊस, उतारा, तोड, वाहतूक आणि बिल हे आपले नेहमीचे विषय. त्यातून सवड मिळाली तर ठिबक आणि खत. पण ज्या गावाच्या नावाने ही साडी देशभर ओळखली जाते, त्याच पैठणच्या शिवारात आपला ऊस उभा असतो. आपल्यातल्या काही घरांच्या लेकीसुना मागावर बसतात. आणि कष्ट एकाचे, नाव व नफा दुसऱ्याचा, हे दुखणे ऊस उत्पादकाला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून हा विषय इथे मांडतो आहोत.

हल्ली विणकराला सल्ला देणारे पुष्कळ झाले आहेत. "आता सगळं ऑनलाइन झालंय. फोनवर पान काढा, फोटो टाका, रील करा, सूट द्या, की गिऱ्हाईक धावत येतंय बघा!" सल्ला वाईट नाही, पण अर्धा आहे. पैठणीला नावाची कमतरता कधीच नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवहीत पैठणचे नाव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे गाव असून इथला माल गाड्यांतून बंदराला जातो, असे तो लिहितो. कमतरता नावाची नाही, खात्रीची आहे. जी जाहिरात खात्री देत नाही, तिचा उपयोग विणकरापेक्षा नकली माल विकणाऱ्यालाच जास्त होतो.

आता हेच बघा. पैठणीची गेल्या पाव शतकातली सर्वांत मोठी जाहिरात कुणी केली? २००४ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने. घरोघरच्या वहिनींचे खेळ घ्यायचे आणि जिंकणारीला पैठणी द्यायची. जिने कधी पैठणी अंगाला लावली नव्हती, तिलाही ती हवीशी वाटू लागली. मागणी वाढली, हे चांगलेच झाले. पण ती सगळी मागणी मागावर आली का? नाही. हातमागाची साडी साध्या नक्षीला काही आठवडे घेते आणि पदर भरगच्च असला तर कित्येक महिने. त्या किमतीला सामान्य घरातली बाई हात घालू शकत नाही. मग यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ दुकानात आली. पुढे तिच्या नावातले ‘सेमी’ हळूच गळून पडले आणि नुसती ‘पैठणी’ उरली. यात त्या कार्यक्रमाचा दोष नाही. नाव मोठे झाले, पण नावाच्या पाठीमागे वजनकाटा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

वजनकाट्याचे महत्त्व आपण जाणतो. गाडी काट्यावर गेल्याशिवाय कुणी कुणाच्या शब्दावर बिल काढत नाही. पैठणीलाही काटे आहेत, पण प्रत्येक काटा निराळी गोष्ट मोजतो, हे गिऱ्हाइकाला आणि पुष्कळदा विणकरालाही ठाऊक नसते. २००४ साली सुरू झालेला ‘सिल्क मार्क’ एवढेच सांगतो की रेशीम अस्सल आहे. ते मागावर विणले की यंत्रावर, याची हमी तो देत नाही. २००६ चा ‘हँडलूम मार्क’ कापड हातमागाचे असल्याचे सांगतो, मग ते कुठल्याही गावचे असो. आणि भौगोलिक मानांकन म्हणजे ज्याला सगळे जीआय म्हणतात, ते मूळ ठिकाण सांगते. पैठणीला ते मिळालेले आहे. तेव्हा रेशीम, माग आणि मुलूख असे हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दाखवून बाकीचे दोन्ही गळी उतरवायचे, ही बाजारातली जुनी हातचलाखी.

चौथा प्रश्न कोणतेच सरकारी चिन्ह सोडवीत नाही. ही साडी विणली कुणी? आमच्या मते फोनवरच्या जाहिरातीचा खरा उपयोग इथेच आहे. दुकानाच्या काचेत साडी दिसते, पण तिच्यामागचा माणूस दिसत नाही. फोनवर तो दाखवता येतो. कोणत्या मागावर, कुणाच्या हाताने, कोणत्या तारखेला ताणा चढला आणि कोणत्या तारखेला साडी उतरली, हे दाखवा. पदरावरचा मोर नाहीतर मुनिया विणताना रंगारंगाच्या कांड्या कशा फिरतात, ते दाखवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साडी उलटी करून दाखवा. हाताने विणलेल्या पदराची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्या धाग्यात गुंतून परत फिरतो. यंत्राच्या नक्षीमागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. ही एक गोष्ट गिऱ्हाइकाला नीट शिकवली, तर दहा रंगीत फोटोंचे काम होते. फोटोत रंग मुळापेक्षा भडक करून दाखवू नयेत. साडी हातात पडल्यावर रंग निराळा निघाला की ती परत येते, आणि परत आलेल्या साडीबरोबर बदनामीही येते.

आता धोक्याची गोष्ट. जाहिरात एका रात्रीत लाखभर लोकांपर्यंत जाते, माग मात्र दिवसाला काही बोटेच पुढे सरकतो. समजा एका विणकराचे रील चालले आणि आठवड्यात शंभर जणींनी साडी मागितली. घरात माग दोन. आगाऊ रक्कम खात्यावर जमा झालेली. अशा वेळी मोह होतो, की बाहेरून यंत्राचा माल आणू आणि आपल्या नावाने पाठवून देऊ, कुणाला कळतंय? कळते. एकीला कळले की फोनवरून सगळ्यांना कळते, आणि त्या दिवशी एका विणकराचेच नव्हे, सगळ्या पैठणचे नाव जाते.

आपल्या कारखान्यापुरते बोलायचे तर गाळपाची क्षमता न पाहता उसाची नोंद घेतली की काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल उजाडतो तरी ऊस शेतात उभा, तुरे आलेले, वजन घटलेले आणि सभासद गट ऑफिसच्या पायऱ्या झिजवतोय. म्हणून नोंद लागणीच्या तारखेप्रमाणे आणि तोड क्रमाने, हा नियम आपण धरला. तोच नियम मागाला लावावा. वर्षाला आपल्या मागावर किती साड्या उतरतात, ते आधी मोजावे. तेवढीच मागणी घ्यावी, तिचा क्रमांक द्यावा आणि ही यादी उघड ठेवावी. "तुमचा नंबर अकरावा, साडी दिवाळीनंतर मिळेल," असे सांगण्यात कमीपणा नाही. उलट हातच्या कामाची ती खूणच आहे. ज्या दुकानात अस्सल हातमागाची पैठणी हव्या त्या दिवशी, हव्या त्या रंगात, डझनाने आणि अर्ध्या किमतीत मिळते, तिथे गिऱ्हाइकाला संशय यायला हवा.

सूट देण्याबद्दलही दोन शब्द. उसाला कायद्याने रास्त व किफायतशीर दराचा आधार आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे बंधन आहे. ते पाळले जाते की नाही यावर आपण भांडतो, पण भांडायला कागद तरी आहे. विणकराच्या साडीला असा दर नाही. त्याने स्वतः मजुरी धरली नाही तर ती दुसरे कुणी धरत नाही. रेशीम आणि जर यांचे पैसे व्यापारी सोडत नाही, ऑनलाइन दुकानवाला आपले कमिशन सोडत नाही. मग ‘पन्नास टक्के सूट’ शेवटी कुणाच्या हातून जाते? मागावर बसलेल्या बाईच्या. अशाने पुढची पिढी मागावर बसणार नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही.

यावर उपाय एकट्यादुकट्याने होणारा नाही, असे आम्हास वाटते. सहकाराच्या पत्रिकेत हे लिहिण्याचे खरे कारण तेच. आणंदच्या दूध उत्पादकांनी १९४६ साली संघ काढला आणि पुढे घराघरातल्या थोड्याथोड्या दुधाला एक नाव दिले. त्या नावाची जाहिरात आज सगळा देश ओळखतो, आणि ते नाव उत्पादकांच्या मालकीचे आहे. आपल्या साखरेचे तसे झाले नाही. साखर पोत्यातून निघाली की कारखान्याचे नाव पोत्यावरच राहते. चहा पिणाऱ्याला आपली ओळख नाही. ही आपली उणीव, पण विणकर तिच्यातून शिकू शकतो. दूध एका टाकीत ओतता येते, साड्या ओतता येत नाहीत, हे खरे. प्रत्येक साडी निराळी, प्रत्येक हात निराळा. म्हणून गावाचे नाव सामाईक आणि त्याखाली विणणाऱ्याचे नाव स्वतंत्र, अशी घडी बसवावी लागेल.

जीआयचा कागद कपाटात ठेवून हे साधत नाही. नुसते मानांकन मिळाल्याने नकली माल थांबत नाही. कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे, तरी बाहेरचा गूळ त्या नावाने विकला जातो, ही तिथल्या गुऱ्हाळवाल्यांची तक्रार संपलेली नाही. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर मग मूळ कुठले ते मान्य केले. ओरड करणारे संघटित होते म्हणून तेवढे तरी झाले. मानांकनाचा उपयोग करायचा तर प्रत्येक विणकराने त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवले पाहिजे, आणि दुसऱ्याने नाव वापरले तर दाद मागायला संस्था जागी पाहिजे. येवल्याचा विणकर यात आपला प्रतिस्पर्धी नव्हे, तो भाऊबंदच. दोघांचा झगडा एकाच खोट्या मालाशी आहे.

तेव्हा आमच्या सूचना अशा. पैठणच्या विणकरांनी मागांची एक नोंदवही करावी आणि तिच्या आधारे सर्वांचे मिळून एकच पान फोनवर चालवावे. आपल्या सभासदांची शिकलेली मुले-मुली फोटो, हिशोब आणि पत्रव्यवहार यात मदत करू शकतील. त्यांनी घरच्यांना एवढे जरूर शिकवावे, की पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. "कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील," म्हणणारा गिऱ्हाईक नसून चोर असतो. कारखान्याने आपल्या समारंभात सत्कारासाठी घ्यायची वस्त्रे या नोंदवहीतल्या मागावरून घ्यावीत आणि सोबत विणणाऱ्याच्या नावाचे कार्ड द्यावे. पुढल्या वार्षिक सभेत हा विषय चर्चेला यावा.

आणि सभासदांनी काय करावे? बिल जमा झाले की लग्नाची खरेदी निघते. ऐपत नसेल तर सेमी घ्यावी, त्यात काही पाप नाही. पण तिला सेमीच म्हणावे आणि सेमीचेच पैसे द्यावेत. अस्सल म्हणून घेत असाल तर साडी उलटी करायला सांगा, तिन्ही चिन्हे एकेक करून तपासा आणि विणणाऱ्याचे नाव विचारा. दुकानदार नाव सांगू शकला नाही, तर साडी घडी घालून परत ठेवा आणि थेट मागावर जा. माग आपल्याच गावात आहे.