डोंग्यात चालते, राफ्टमध्ये का चालत नाही?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातली पोरंपोरी वर्गणी काढून विदर्भातल्या एका वॉटर पार्कला गेली. बहुतेक जण चंद्रपूर-गडचिरोलीचे, वसतिगृहात राहणारे. कोणी आधी असं ठिकाण पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं. आमच्यात बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. सिकलसेलची रुग्ण. डाव्या खुब्याचं हाड गेलेलं, त्यामुळे ती एका अंगाला झुकत चालते आणि पायरी उतरताना तिला कशाचा तरी आधार लागतो. उंच घसरगुंड्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. थंड पाण्यात फार वेळ भिजलं की आपल्याला काय होतं हे तिला कोणत्याही डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. तिला एकच हवं होतं: संथ वाहणाऱ्या कालव्यातून सगळे जण गोल राफ्टमध्ये बसून फिरतात, ते.

रांगेत पाऊण तास उभी राहिली. नंबर आला आणि फलाटावरच्या पोराने तिची चाल पाहून हात आडवा केला. "तुमाले नाही बसता येनार मॅडम. सेफ्टीचा इश्यू हाय."

ती परत आली आणि चार तास आमच्या बॅगा राखत बसली. तिकीट मात्र पूर्ण घेतलं होतं.

मी व्यवस्थापकाशी भांडलो. त्याने बोर्ड दाखवला. बोर्डावर हृदयविकार, गरोदरपण, पाठीचं दुखणं आणि किमान उंची, एवढंच होतं. चालीबद्दल अक्षर नव्हतं. नियम बोर्डावर नव्हता, तो त्या पोराच्या नजरेत होता. आणि नजरेतला नियम काय असतो हे आपल्या आजोबांना विचारा.

आता दुसरी गोष्ट. त्याच मुलीचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. पुलावरून जायचं तर मोठा फेरा पडतो, म्हणून गावची माणसं डोंग्याने ये-जा करतात. पोळ्याच्या सुट्टीत ती घरी निघाली तेव्हा मी तिला काठापर्यंत सोडायला गेलो होतो. घाट नाही, पायरी नाही, फळीसुद्धा नाही. चिखलाची घसरण आणि तिच्या टोकाला हलणारा डोंगा. नावाड्याने आणि एका प्रवाशाने तिला दोन्ही काखांत धरून उचललं आणि आत ठेवलं. एक पाय डोंग्याच्या काठावर आपटला, ती कळवळली. सोबत तांदळाची दोन पोती, एक सायकल, सहा माणसं. लाईफ जॅकेट एकाच्याही अंगात नाही. नदी भरलेली.

तिथे कोणी तिला म्हणालं नाही, "सेफ्टीचा इश्यू हाय."

माझं सगळं म्हणणं या दोन प्रसंगांच्या मधल्या जागेत आहे. एकच शरीर, एकच खुबा, पाण्यावरची एकच क्रिया: स्थिर जमिनीवरून हलत्या वस्तूत पाय टाकणे. जिथे अपघाताची शक्यता जवळपास नाही, कंबरभर पाणी, शिट्टी घेऊन उभा असलेला जीवरक्षक, तिथे तिच्या जिवाची एवढी काळजी की तिला बसूच द्यायचं नाही. आणि जिथे खरोखर जीव जाऊ शकतो, तिथे तिला पोत्यासारखं उचलून ठेवायचं. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ याच वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या मजूर बाया बुडाल्या. त्या तर धडधाकट होत्या. मजुरीला जाताना सुरक्षा कोणाला आठवत नाही, खेळायला गेलो की लगेच आठवते.

नावाड्याला मी दोष देत नाही. तो ढिवर समाजाचा, स्वतःच फाटका माणूस. त्याने जे होतं त्यात तिला पोचवलं. फलाटावरच्या कंत्राटी पोरालाही देत नाही. त्याला कोणी शिकवलंच नाही. प्रश्न आहे तो फलाट बांधणाऱ्याचा आणि घाट न बांधणाऱ्याचा.

फलाटाचं गणित समजून घ्या, कारण भांडायचं तर यंत्र माहीत हवं. अशा राइडमध्ये राफ्ट थांबत नाही, सरकत राहते. काही ठिकाणी फलाटच फिरता असतो, म्हणजे तुम्ही हलत्या जमिनीवरून हलत्या होडीत जायचं. राफ्टची बैठक फलाटापेक्षा खाली. म्हणजे एका पायावर तोल सांभाळत दुसरा पाय खाली सोडायचा, तोही ओल्या जागेवर, तेही काही सेकंदांत. ज्याचा खुबा, गुडघा किंवा कानातलं तोलाचं यंत्र बिघडलेलं आहे, त्याची अडचण नेमकी एवढीच आहे. एकदा बसला की तो आणि तुम्ही सारखेच. म्हणजे सगळा भेदभाव त्या काही सेकंदांत आहे. ते सेकंद वाढवता येतात. राफ्ट अर्धा मिनिट थांबवा. पकडायला दांडा लावा. फलाटाच्या कडेला बैठकीच्या उंचीचा एक ओटा बांधा, माणूस ओट्यावर बसेल आणि सरकून आत जाईल. प्रत्येक राइडबाहेर लिहा: किती पायऱ्या चढायच्या, किती खाली उतरायचं, राफ्ट थांबते की नाही, मध्येच बंद पडली तर बाहेर कसं काढतात. ते वाचून माणूस स्वतः ठरवेल.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो इथे २०१७ मध्ये पूर्ण वॉटर पार्कच असा उघडला की अपंग माणूस कुठेही अडत नाही. मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड त्याचं नाव. तिथे पाण्यात चालणाऱ्या, बॅटरीऐवजी दाबलेल्या हवेवर धावणाऱ्या व्हीलचेअर आहेत आणि होडीत व्हीलचेअरसकट शिरता येतं. तो एक दानशूर माणसाचा प्रकल्प आहे, मान्य. पण त्या देशाच्या २०१० च्या नियमांनी नव्या राइडवर सक्ती केली आहे: व्हीलचेअरची जागा, सरकून बसता येईल अशी बैठक किंवा बसवून देणारं साधन, यातलं किमान एक हवंच. दानशूर नसलेल्या मालकालासुद्धा.

आता कोणी कॉम्रेड, कोणी आपलाच साथी म्हणेल, "दादा, इथे पोटाला भाकर नाही आन तुमाले पोरीले झुल्यावर बसवाचं हाय?" हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे, आपल्याच एका बैठकीत. उत्तर देतो.

१९२७ मध्ये महाडच्या लोकांकडे प्यायला दुसरं पाणी नव्हतं असं नाही. बाबासाहेबांनी तिथे स्पष्ट केलं होतं की आपण चवदार तळ्यावर निव्वळ तहान भागवायला जात नाही, इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातो. आणि कागदावर तर ते तळं आधीच खुलं होतं! १९२३ चा बोले ठराव होता, त्यानंतर महाड नगरपालिकेचाही ठराव होता. ठराव होता, पण तळ्याच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. आज आपल्या या मुलीची नेमकी तीच अवस्था आहे.

संविधानाचा अनुच्छेद १५ चा दुसरा खंड उघडा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. करमणूक आणि पाणी एकाच खंडात शेजारीशेजारी आहेत. करमणूक ही चैन आहे, आधी भाकरीचं बघू, असं संविधान लिहिणाऱ्यांना वाटलं नाही. कारण जत्रेतून, तमाशाच्या फडातून, नाटकाच्या थिएटरातून हाकलणं म्हणजे काय हे त्यांच्यातल्या एकाला तरी अंगावरच्या वळांसारखं माहीत होतं. मात्र त्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. ती जागा भरायला २०१६ चा अपंग हक्क कायदा यावा लागला, आणि त्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाचा समान हक्क लिहिलेला आहे. साहसी खेळांचासुद्धा उल्लेख आहे. होय, साहसी. संथ कालव्यातल्या राफ्टपेक्षा बरंच पुढचं.

याच कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि त्यांत सिकलसेल आला. हा आजार विदर्भात कोणाच्या घरात आहे? आपल्या. पूर्वाश्रमीच्या महारांच्या, गोंडांच्या, माडियांच्या, काही ओबीसी जातींच्या. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसा तुंबतात, खुब्याच्या हाडाला रक्त मिळत नाही आणि ते आतल्या आत मरतं. विशीतला पोरगा म्हाताऱ्यासारखा चालतो. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींमध्ये अपंगत्वाचं प्रमाण २.४५ टक्के निघालं, अनुसूचित जाती-जमाती वगळून उरलेल्यांमध्ये २.१८. तेव्हा सिकलसेल मोजलाच जात नव्हता. म्हणून अपंगांचा प्रश्न हा "त्या लोकांचा वेगळा प्रश्न" आहे असं मला कोणी सांगू नये.

मग सुरक्षेचं काय? सुरक्षा खरी आहे, मी ती नाकारत नाही. ज्याच्या हातात पकड नाही त्याला उभ्या घसरगुंडीवर सोडणं हा गुन्हा ठरेल. पण कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलं आहे की अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही. अपवाद एकच, तो भेद एखाद्या रास्त हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणात आहे असं दाखवून दिलं पाहिजे. दाखवायचं कोणी? अडवणाऱ्याने. नजरेने नव्हे, कारणासहित. या राइडला या माणसाला का नाही, राफ्ट थांबवली तरी का नाही, सोबती दिला तरी का नाही. ही उत्तरं नसतील तर "सेफ्टी" हा शब्द "सोवळं" या शब्दाचा इंग्रजी अवतार आहे.

आणि सरकार? राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशी ठेवून चालणार नाही. संबंधित नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. कायदा २०१६ चा, आणि त्याचा नियम फक्त सल्ला आहे हे २०२४ मध्ये कोर्टाला सांगावं लागलं. एवढ्या वर्षांत सरकारने काय केलं? नाव बदललं. "दिव्यांग" म्हणे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून हा शब्द सुचवला आणि कार्यालयांच्या पाट्या बदलल्या. आपल्याला हा खेळ नवा नाही. आपल्यालाही एकदा देवाची लेकरं म्हणून झालं आहे. १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत "हरिजन" शब्दावरून बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले होते. अंगात दिव्यत्व आहे म्हणायचं आणि फलाटावर हात आडवा करायचा! मी अपंग हाच शब्द वापरतो. तो गोड नाही, पण त्यात खोटेपणा नाही.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे, जरा अवघड आहे पण बोलतो. वरोऱ्याचं आनंदवन आमच्याकडचं. बाबा आमटेंनी कुष्ठरोग्यांना काम दिलं, भीक सोडवली, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्या मोठ्या सावलीत एक समजूत घट्ट झाली की अपंगांचं बघायला कोणीतरी सेवाभावी माणूस असतो. सेवा करणारा मिळाला तर नशीब, नाही मिळाला तर काखेत हात घालून उचला. हक्काला सेवाभावी माणूस लागत नाही, ओटा आणि दांडा लागतो.

आता आपल्याकडे वळतो, नाहीतर हा लेख ढोंगी होईल. आमच्या वस्तीतल्या विहाराला सात पायऱ्या आहेत. कठडा नाही. बुद्धवंदना जमिनीवर बसून. खुबा गेलेला माणूस मांडी घालू शकत नाही, म्हणून तो दाराशी खुर्ची टाकून बसतो, चपलांजवळ. दाराशी! १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात दीक्षा दिली, तेव्हा आमच्या आजीने गावाहून बैलगाडीने येऊन ती घेतली होती. शेवटची काही वर्षं ती विहारात आत आलीच नाही, गुडघ्यांमुळे. आमच्यापैकी एकालाही तेव्हा हे चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही. त्या मुलीने वॉटर पार्कहून परतताना गाडीत विचारलं, "दादा, तुमी त्यायच्यासंगं भांडले, मंग विहारात माह्यासाठी खुर्ची समोर कावून नाही ठेवत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून तीन कामं सुरू केली आहेत. विहार समितीकडे उतार आणि कठड्यासाठी अर्ज दिला. निम्मे सदस्य बांधकामाचा खर्च विचारत आहेत, निम्मे गप्प आहेत. त्या पार्कला कलम ३ चा हवाला देऊन लेखी कारण मागितलं आहे, आणि प्रत राज्याच्या अपंग कल्याण आयुक्तांकडे पाठवली आहे. तिसरं, तिच्या गावच्या ग्रामसभेत घाटाचा ठराव: काँक्रीटचा उतार, डोंगा बांधायला खुंटा, दांड्याची फळी आणि प्रत्येकाला जॅकेट. पूल होईल तेव्हा होईल. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. ग्रामसभेचा ठराव मात्र झाला, तो त्या मुलीनेच उभं राहून मांडला. त्या दिवशीही ती डोंग्यानेच गेली होती.

जय भीम.