पत्र यंत्राने तपासले, सही मात्र आपली



पूर्वी बहुतेक घरांत बाईचं लिहिणं म्हणजे वाण्याची यादी, दुधाचा हिशोब आणि महिन्यातून एखादं माहेरचं पत्र. आज तुमच्यापैकी कुणी शाळेच्या ऑफिसात आहे, कुणी शिकवण्या घेते, कुणी डबे पुरवते, कुणी सोसायटीची सेक्रेटरी आहे, तर कुणी बचत गटाचे कागद सांभाळते. प्रत्येकीला आठवड्यातून दोन-चार पत्रं, ई-मेल, नोटिसा लिहाव्याच लागतात. त्यातही पुष्कळशा इंग्रजीत. इथंच गाडी अडते. "ह्यांना दाखवते, मुलीला विचारते, मग पाठवते," असं करता करता पत्र दोन दिवस पडून राहतं आणि काम दुसरीकडे जातं.

अशा वेळी कुणीतरी सांगतंच, "अगं, ते व्याकरण तपासणारं ॲप घे की!" किंवा, "चॅटजीपीटीला सांग, तेच लिहून देईल." मग प्रश्न पडतो, घ्यावं का? फुकटातलं पुरेल, की पैसे भरावेत? माझं मत विचाराल तर अवश्य वापरावं, पण आधी पारखून. कुकर घेताना आपण झाकण, रबर, शिट्टी पाहून घेतो. शेजारणीनं घेतला म्हणून डोळे मिटून घेत नाही. इथंही तसंच करायचं, आणि तेही आपल्याच कामावर.

ही यंत्रं काही कालपरवा आलेली नाहीत, बरं का! १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये 'रायटर्स वर्कबेंच' नावाचा प्रोग्रॅमचा एक संच तयार होऊ लागला. लांबलेली वाक्यं आणि पाल्हाळिक शब्दप्रयोग तो दाखवून देई. त्यामागे लोरिंडा चेरी आणि नीना मॅकडोनल्ड या दोन स्त्रियांचं मोठं काम होतं. पुढे २००९ साली तिघा युक्रेनियन तरुणांनी 'ग्रामरली' सुरू केलं आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आलं.

यात दोन प्रकारची कामं आहेत, ती वेगळी ओळखावीत. एक, आपण लिहिलेलं तपासून देणं. दुसरं, आपल्यासाठी नव्यानं लिहून देणं. पहिलं काम तांदूळ निवडून देण्यासारखं, तर दुसरं सगळा स्वयंपाक करून देण्यासारखं. हल्ली एकाच ॲपमध्ये दोन्ही मिळतात, म्हणून आपण घोटाळ्यात पडतो. निवडलेल्या तांदळात खडा राहिला तर दाताखाली येतो, लगेच कळतं. तयार भाजीत काय काय घातलंय, हे कुठं दिसतं?

आता पारख कशी करायची ते पाहू. एक वही घ्या आणि सवडीनं चार दिवस हे करून बघा.

पहिली कसोटी चुकांची. आधी पाठवलेली, जाणत्या माणसानं तपासलेली आपलीच चार-पाच पत्रं घ्या. त्यांत आपल्याकडे नेहमी होणाऱ्या चुका मुद्दाम घाला. उदाहरणार्थ, 'आय ॲम हॅविंग टू डॉटर्स' किंवा 'वुई डिस्कस्ड अबाऊट द फीज'. काही ठिकाणचे 'ए', 'ॲन', 'द' काढून टाका. मराठीत असे शब्दच नाहीत, त्यामुळे शिकलेल्या बाईचीही तिथं चूक होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग वहीत दोन रकाने करा. घातलेल्यांपैकी किती चुका यंत्रानं पकडल्या, हा एक. बरोबर असलेली किती वाक्यं त्यानं उगीच चूक ठरवली, हा दुसरा. पहिल्या रकान्याकडे सगळ्याच बघतात, पण दुसरा जास्त महत्त्वाचा. बरोबर लिहिलेल्यालाही जे साधन पुन्हा पुन्हा खोट काढतं, ते आधीच धास्तावलेल्या बाईचा उरलासुरला धीरही घालवतं.

हो, आणि सेटिंगमध्ये जाऊन अमेरिकी इंग्रजी लावलंय की ब्रिटिश, हे पाहून घ्या. काही साधनांत भारतीय इंग्रजीचाही पर्याय असतो. नाहीतर 'कलर'चं स्पेलिंग बरोबर असूनही खाली तांबडी रेघ येते, आणि आपण बिचाऱ्या ते बदलत बसतो!

दुसरी कसोटी अर्थाची. समजा, तुम्ही एका ऑफिसला डबे देणार आहात. पत्रात लिहिलंत, "रोज ४० डबे, निम्मे पैसे आगाऊ, आणि एक दिवस आधी कळवलं तरच त्या दिवसाचे पैसे कापणार नाही." यंत्राला सांगितलंत, जरा गोड भाषेत लिहून दे. ते छान लिहितं. फक्त शेवटची अट मऊ होता होता 'आपण केव्हाही कळवा, आम्ही आनंदाने सामावून घेऊ' अशी होऊन बसते. भाषेत एक चूक सापडणार नाही. पण सकाळी ४० डबे भरून झाल्यावर फोन आला, की नुकसान तुमचं, आणि पत्राखाली सहीही तुमची! म्हणून धोब्याला कपडे मोजून देतो आणि मोजून घेतो, तसं करा. पत्र यंत्राला देण्याआधी त्यातल्या रकमा, तारखा आणि अटी एका चिठ्ठीवर टिपून ठेवा. पत्र परत आलं की एकेक जुळवून पाहा. काही गळलंय का हे बघाच, पण जास्तीचं काही आलंय का, हेही बघा. 'चोवीस तासांत उत्तर देऊ' असं वचन तुम्ही दिलंच नव्हतं ना? मग खोडा ते.

तिसरी कसोटी खरेपणाची. लिहून देणारी ही यंत्रं अफाट मजकुरावर तयार झालेली असतात. कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द शोभेल, या अंदाजानं ती लिहीत जातात. त्यामुळे वाक्य सुरेख उतरतं, पण ते खरं असेलच असं नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीच्या मदतीनं केलेला कागद कोर्टात दाखल केला. त्यात आधार म्हणून दिलेले काही खटले कधी झालेलेच नव्हते! न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला, तो वकिलांना. यंत्राला कोण दंड करणार? तेव्हा सरकारी योजनेची तारीख, नियमाचा क्रमांक, परीक्षेचं शुल्क असं काही यंत्रानं आपणहून घातलं असेल, तर मूळ कागद पाहिल्याशिवाय ते पाठवू नका. आपल्याला नीट ठाऊक असलेल्या गोष्टीवर चार प्रश्न विचारून बघा, म्हणजे किती विसंबायचं याचा अंदाज येईल.

चौथी कसोटी आपल्या मराठीची. इंग्रजीत पास झालेलं साधन मराठीत पास होईलच असं समजू नका. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, बिचारा. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे नुसते शब्द जुळवून पाहणारा तपासनीस दोन्हींना पास करतो. आठ मार्चच्या फलकावर 'जागतिक महिला दीन' असं छापून आलं, तर आपल्याच कार्यक्रमात आपण बिचाऱ्या ठरायच्या! 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' याही जोड्या घालून बघा. मग यंत्राकडून मराठीत एक अर्ज लिहून घ्या. सही बाईची आणि वर 'मी विनंती करतो', असं तर झालं नाही ना? 'मला आशा आहे की हे पत्र तुम्हाला चांगल्या स्थितीत सापडेल' असलं इंग्रजीवरून उचललेलं वाक्य तर नाही ना आलं? आपल्या 'सप्रेम नमस्कार'मध्ये तेवढं सगळं येतं. मराठी शुद्धलेखनाचे नियम काही गुपित नाहीत. साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. असे १८ नियम आणि शेजारी अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' टेबलावर असला, की निम्मी कामं यंत्राशिवायच होतात.

पाचवी गोष्ट कसोटी नव्हे, पथ्य आहे. यंत्रात टाकलेला मजकूर आपल्या फोनपुरता राहत नाही. बहुधा तो कंपनीच्या संगणकाकडे जातो. २०२३ साली सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीची गुप्त माहिती चॅटजीपीटीत टाकल्यावर कंपनीनं अशा साधनांवर बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानंही कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या संगणकावर ती वापरू नका असं कळवलं. आपण तर साध्या बायका, असं म्हणू नका. शाळेतल्या मुलांची नावं, सभासदांचे फोन, गटातल्या बायकांची कर्जं, आधार क्रमांक हे सगळं आपल्याकडे विश्वासानं आलेलं असतं. नावाच्या जागी 'क', 'ख' घाला, आकडे रिकामे ठेवा आणि पत्र तयार झाल्यावर हातानं भरा. नोकरी करत असाल तर असलं साधन चालेल का, हे साहेबांना किंवा मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवा.

आता पैशाचं. आधी महिनाभर फुकटातलंच वापरा आणि वहीत लिहा, किती पत्रं केली, किती वेळ वाचला. महिन्याला चार पत्रं लिहिणारीला पैसे भरायची गरज नाही. रोज इंग्रजीत दहा ई-मेल लिहिणारीला कदाचित परवडेल. 'सात दिवस मोफत' म्हणून कार्डाचा नंबर दिलात, तर आठव्या दिवशी पैसे कापले जातात. म्हणून कॅलेंडरवर सहाव्या दिवसाला खूण करा. दर महिन्याला आपोआप पैसे जाणार असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेनं किमान २४ तास आधी कळवायचं असतं. तो संदेश न वाचता पुसू नका. वर्षाची वर्गणी स्वस्त दिसली, तरी पहिल्यांदा महिन्याचीच घ्यावी.

एवढं सगळं करून साधन पसंत पडलं, तर बिनधास्त वापरा. फक्त क्रम पाळा. पहिला खर्डा आपला, मोडकातोडका का असेना! मग यंत्राची दुरुस्ती, आणि शेवटी आपण मोठ्यानं वाचायचं. वाचताना जिथं जीभ अडेल, तिथलं वाक्य आपलं नाही असं समजा आणि साधं करा. गिऱ्हाईक पत्र वाचून फोन करतं, तेव्हा त्याच्याशी बोलायचं तुम्हालाच आहे ना? पत्रातली बाई एक आणि फोनवरची दुसरी, असं वाटायला नको.

आणि यंत्रानं दाखवलेली प्रत्येक चूक नुसती 'मान्य' म्हणून पुढं जाऊ नका. ती का चूक, हे वाचून वहीत टिपा. तीच चूक चार वेळा वहीत उतरली, की पाचव्या वेळी लिहिताना हात आपोआप थबकतो. मग पत्र घेऊन कुणाची वाट बघायला नको, की दोन दिवस पडून राहायला नको. संध्याकाळचा कुकर लावायच्या आत ते गेलेलंही असेल.